मेंदूचं पासबुक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. छपाईसाठी किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरी साहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला होता 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक'. बँकवाला म्हटलं की लोकांना मुदत ठेवच आठवते. मी त्यांना म्हणालो, साहेब, व्याजदर सगळ्यांना मोबाइलवर दिसतात, मला दुसरं काही बोलायचंय. मेंदूचा फोटो आणि विस्मरण, या विषयावर. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, बोला.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो आणि चौतीस वर्षं बँकेत काढली. पण गेल्या चार वर्षांत या विषयावर जेवढं वाचलं, जेवढ्या डॉक्टरांसमोर वही घेऊन बसलो, तेवढं तर मी बढतीच्या परीक्षेलाही केलं नव्हतं. कारण घरचं आहे. आमची सौभाग्यवती तिथं तिसऱ्या ओळीत बसली आहे. तिला विचारूनच बोलतोय. ती म्हणाली, "सांगा, पण अर्धवट सांगू नका."

तर सुरुवात खजिनदार साहेबांची माफी मागून करतो. २०२१ मध्ये आमच्या फ्लॅटचा दोन तिमाहींचा मेंटेनन्स थकला आणि तुमची व्याजासकट नोटीस आली. मी तुमच्या दारात येऊन भांडलो होतो. "मी बँकेत ऑफिसर होतो, मला हिशेब शिकवू नका," असंही म्हणालो. पावती शोधायला घरी आलो तर पावती नव्हतीच. घरातली बिलं वीस वर्षं हीच भरायची, मी कधी बघितलंही नाही. ड्रॉवरमध्ये मेंटेनन्सचे दोन चेक सही करून तसेच पडलेले, आणि लाइट बिल मात्र एका महिन्यात दोनदा भरलेलं. मी हिच्यावर चिडलो. ती म्हणाली, "भरलं की मी." खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते भरलेलंच होतं.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत २०२० मध्ये नेमक्या याच गोष्टीवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ऐंशी हजारांहून जास्त वृद्धांच्या आजाराच्या नोंदी आणि त्यांच्या कर्जफेडीच्या नोंदी एकत्र लावून पाहिल्या. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, त्यांचे हप्ते निदानाच्या सहा वर्षं आधीपासूनच चुकायला लागले होते. म्हणजे डॉक्टरांच्या आधी लेजरला कळलं होतं.

हे वाचलं आणि मला पाथर्डी तालुक्यातली आमची एक शाखा आठवली. नव्वदीतली गोष्ट. पेन्शनचा दिवस. एक निवृत्त मास्तर पैसे घेऊन गेले आणि तासाभराने परत आले, पेन्शन द्या म्हणून. कॅशियरने विड्रॉल स्लिप दाखवली. मास्तरांनी सही निरखून पाहिली आणि म्हणाले, "सही माझी आहे, पण मी केलेली नाही." सगळी रांग हसली. मीही हसलो, आणि वर त्यांना सांगितलं, "आजोबा, पुढच्या वेळी घरच्या कोणाला तरी घेऊन या." पुढच्या महिन्यात ते आले नाहीत, मुलगा आला. मास्तरांना मी पुन्हा पाहिलं नाही. ते वाक्य मात्र आता रोज आठवतं.

आता मुद्द्यावर येतो. या आजाराला ज्यांचं नाव आहे ते जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात त्यांच्याकडे एक्कावन्न वर्षांची एक बाई आली, ऑगस्टे. त्यांनी तिला नाव लिहायला सांगितलं. 'श्रीमती' एवढं लिहून ती थांबली, पुढचं विसरली. १९०६ मध्ये ती वारली. मग तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले. ठिपके अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि धागे टाऊ नावाच्या, हे पुष्कळ नंतर कळलं. लक्षात घ्या, माणूस गेल्यानंतरच बघायला मिळालं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं हीच परिस्थिती होती. जिवंत माणसाच्या कवटीच्या आत डोकावायची सोय नव्हती.

सीटी स्कॅन आला सत्तरच्या दशकात, मग एमआरआय. सीटीत क्ष-किरण असतात, एमआरआयमध्ये ते नसतात. तिथं मोठं चुंबक असतं. आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे अणू आहेत, त्यांना चुंबक एका दिशेला वळवतं, रेडिओलहरींचा धक्का देतं, आणि ते परत जागेवर येताना जो संदेश देतात त्यावरून संगणक चित्र काढतो. चित्र इतकं बारीक की मेंदूतला करंगळीएवढा भाग मोजता येतो.

त्या करंगळीएवढ्या भागाचं नाव हिप्पोकॅम्पस. ग्रीक भाषेत समुद्रघोडा, आकार तसा असतो म्हणून. डाव्या-उजव्या कानाच्या आतल्या अंगाला एकेक. याला मी बँकेच्या भाषेत रोजकीर्द म्हणतो. आजच्या व्यवहाराची नोंद आधी इथं होते, आणि मग हळूहळू मेंदूच्या इतर भागांत ती कायमची खतवली जाते. अल्झायमरमध्ये सुरुवातीला मार बसतो तो या रोजकिर्दीला. म्हणून आमच्या हिला १९७८ च्या वर्गातल्या मुलींची नावं हजेरीच्या क्रमाने येतात, पावकी-निमकी घडाघडा येते, आणि सकाळी उपमा खाल्ला की पोहे ते आठवत नाही. लोक म्हणतात, "अहो, यांची स्मरणशक्ती तर किती चांगली आहे! जुनं सगळं आठवतं." मीही दीड वर्ष हेच म्हणत होतो.

पहिला एमआरआय २०२२ मध्ये इथंच नगरला काढला. (अहिल्यानगर म्हणायला हवं, जिभेला अजून सवय नाही.) आत जाताना धातूचं काहीही अंगावर चालत नाही. बांगड्या निघाल्या, जोडवी निघाली, मंगळसूत्राला ती हात लावू देईना. चव्वेचाळीस वर्षांत निघालं नव्हतं. शेवटी मी ते काढून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं. ती आत गेली. यंत्राचा आवाज बाहेर येत होता, पत्र्यावर कोणीतरी हातोडा मारल्यासारखा. अर्ध्या तासाने बाहेर आली आणि गळ्याला हात लावून म्हणाली, "माझं मंगळसूत्र कुठंय?" मी खिशातून काढून दिलं, तिनं घातलं. रिक्षात बसल्यावर पुन्हा, "तिथं माझं मंगळसूत्र राहिलं का हो?" ते गळ्यातच होतं. घरी येईपर्यंत चारदा विचारलं. रिपोर्ट आला: वयानुरूप बदल. माझा जीव भांड्यात पडला. रिपोर्ट फाइलला लावला आणि दोन वर्षं कोणाला काही बोललो नाही. रिक्षातले चार प्रश्न माझ्या कानांनी ऐकले होते, तरी मी कागदावर विश्वास ठेवला. चौतीस वर्षांची सवय.

रिपोर्ट चुकीचा होता असं मी म्हणत नाही. एक फोटो म्हणजे एका तारखेची शिल्लक. खात्यावर आज चाळीस हजार आहेत यावरून माणूस श्रीमंत होतोय की बुडतोय हे सांगता येतं का? नाही. त्याला पासबुक लागतं. २०२४ मध्ये पुण्याच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी दुसरा एमआरआय काढायला लावला आणि जुना आणि नवा शेजारी शेजारी पडद्यावर लावले. मला त्यातलं काही कळत नाही, पण त्या दोन काळ्या फटी मलाही दिसल्या. समुद्रघोडा आकसला होता आणि त्याच्या भोवती पाण्याची जागा वाढली होती.

आता जरा आकडे सांगतो, मला राहवत नाही. वयोमानाने हा भाग सगळ्यांचाच झिजतो. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी अशी, की निरोगी वृद्धांत वर्षाला साधारण १.४ टक्के आणि अल्झायमरच्या रुग्णांत साधारण ४.७ टक्के. आम्ही फर्निचरवर घसारा काढायचो तसा दहा वर्षांचा काढून पाहिला. शंभराचे पहिल्या दराने ८७ उरतात, दुसऱ्या दराने ६२. पण पहिल्या वर्षी ९८.६ आणि ९५.३! एका नजरेला एवढासा फरक कसा दिसणार? म्हणून तर अमेरिकेत २००४ मध्ये जो मोठा प्रकल्प सुरू झाला, त्यात त्याच त्याच माणसांचे फोटो वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढले गेले. निरोगी, थोडे विसरभोळे, आणि आजारी असे तिन्ही प्रकारचे लोक घेतले. आज डॉक्टर लवकरच्या बदलांविषयी जे छातीठोकपणे सांगतात त्यातलं बरंच त्या माणसांच्या चिकाटीवर उभं आहे.

दुसरा प्रकार पेट स्कॅनचा. यात शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात. एक प्रकार साखरेसारखा. मेंदूचा जो भाग काम करतो तो साखर घेतो, जो मंदावला तो घेत नाही, आणि चित्रात ते दिसतं. आपल्या देशात पेट स्कॅनची सुरुवात २००२ मध्ये मुंबईत परळला झाली, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. त्याच साली तिकडे स्वीडनमध्ये, अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी बनवलेलं एक नवं औषध पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं. ते अमायलॉइडला जाऊन चिकटतं. अल्झायमरने जे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, ते शंभर वर्षांनी जिवंत माणसाच्या डोक्यात दिसलं. आणि मग कळलं की हे साचणं विसरायला लागण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतं.

पेटच्या औषधाची एक गंमत आहे. नेहमी वापरतात त्या औषधाची ताकद ११० मिनिटांत निम्मी होते. मी हिशेब केला: पुण्याहून नगर १२० किलोमीटर, शिक्रापूरला अडकलो तर तीन तास. निघताना रुपया, इथं पोचेपर्यंत तीस-बत्तीस पैसे. एवढं नाशवंत औषध मी दुसरं ऐकलं नाही.

मी डॉक्टरांना म्हणालो, "आपण पेट पण करून टाकू, पैशांची चिंता नाही." ते म्हणाले, "काका, करून उपचार बदलणार असतील तर करू. इथं बदलणार नाहीत." मला तेव्हा राग आला होता. नंतर वाचलं की सत्तरीतल्या, स्मृती ठणठणीत असलेल्या साधारण चार-पाच जणांमागे एकाच्या मेंदूत हे अमायलॉइड सापडतं. म्हणजे आपल्या सकाळच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांपैकी तीन-चार जणांच्या डोक्यात ते असू शकेल, आणि ते उद्याही पत्त्यांत मला हरवतील. अमेरिकेत ६७८ ननांचा अभ्यास झाला होता, त्यांनी मरणोत्तर मेंदू दिले. त्यांच्यापैकी काहींचे मेंदू ठिपक्यांनी भरलेले होते, पण त्या बायका शेवटपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण मिळवत होत्या. तेव्हा घरी काही तक्रार नसताना हौसेने जाऊन मेंदूचा फोटो काढू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. तक्रार असेल तर मात्र 'वय झालं' म्हणून बसू नका.

कारण विसरणं प्रत्येक वेळी अल्झायमरच असतं असं नाही. आमच्या डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासलं. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता पुष्कळ. आणि म्हातारा माणूस बाथरूममध्ये पडतो, डोक्याला टेंगूळ येतं, चार दिवसांत बरं वाटतं. मग महिन्या-दीड महिन्याने बावचळल्यासारखा वागायला लागतो. आत हळूहळू रक्त साचलेलं असतं. साध्या सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं आणि छोट्या शस्त्रक्रियेने माणूस पूर्ववत होऊ शकतो. अशा ठिकाणी फोटोला सोन्याचं मोल आहे.

सोन्यावरून आठवलं. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात, जिथं सोन्याच्या खाणी होत्या, तिथं श्रीनिवासपूर नावाचा तालुका आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र तिथल्या खेड्यांमधल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या दहा हजार लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास करायला निघालं आहे. रक्त, स्मृतीच्या चाचण्या, मेंदूचा एमआरआय, सगळं. शेतकरी माणसं आहेत, बरीचशी निरक्षर. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आजवरची मापं परक्या माणसांची. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या फोटोंवरून मेंदूचा नकाशा केला, तेव्हा दिसलं की आपला मेंदू सरासरीने पाश्चात्यांपेक्षा आकाराने थोडा लहान आहे. (अक्कल नव्हे, आकार. हसू नका.) मग त्यांच्या मापाने आपला म्हातारा मोजला तर तो उगाच आकसलेला वाटायचा. स्मृतीच्या चाचण्यांचंही तेच. शाळेत न गेलेल्या बाईला शंभरातून सात सात वजा करायला सांगून काय कळणार? पण तिला आठवडी बाजारात सात रुपये पावशेरची भाजी द्या, हिशेबात ती मला हरवेल.

मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या देशव्यापी पाहणीचा आधार घेऊन २०२३ मध्ये एक आकडा प्रसिद्ध झाला: देशात साठीच्या पुढच्यांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. सुमारे ८८ लाख. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. सेक्रेटरी साहेबांनी या मेळाव्यासाठी यादी केली, तीत साठीच्या पुढचे आपण ५४ जण आहोत. ७.४ टक्क्यांनी चार होतात. सरासरी आहे, नेमकी इथं लागू होईलच असं नाही. पण यातलं एक घर मला माहीत आहे. बाकीची असतील तर ती मला माहीत नाहीत, जसं माझं तुम्हाला माहीत नव्हतं.

माझं तुम्हाला कळलं ते बी विंगमुळे. २०२४ च्या फेब्रुवारीत ही मेथी आणायला खाली गेली आणि येताना सीऐवजी बी विंगमध्ये चढली. दुसरा मजला, डावीकडचं दार, सगळं बरोबर, फक्त इमारत चुकली. बेल वाजवली. दार उघडलेल्या वहिनींना म्हणाली, "तुम्ही आमच्या घरात कशा?" वहिनी तिथं बसल्या आहेत, नाव घेत नाही. त्यांनी वाद घातला नाही. "या ना काकू, चहा टाकलाय," म्हणाल्या, आत बसवलं, दोघींनी मिळून मेथी निवडली, आणि मग "चला, मला तुमच्याकडे जरा काम आहे" म्हणून हाताला धरून सोडायला आल्या. मी दार उघडलं. वहिनींनी मला फक्त निवडलेली मेथी दिली, बाकी एक शब्द नाही. त्या रात्री मी पुण्याला मुलाला फोन केला, दोन वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलं.

'अस्तु' सिनेमा आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल, डॉ. मोहन आगाशे आहेत त्यात, संस्कृतचे पंडित, हत्तीमागे निघून जातात. मी तो निवृत्तीनंतर पाहिला होता आणि चांगला सिनेमा म्हणून विसरलो होतो. परवा मुलाने लावला, मी अर्ध्यातून उठलो.

औषधांचं विचाराल तर सांगतो. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब नावाच्या इंजेक्शनला पूर्ण मान्यता मिळाली. ते अमायलॉइड साफ करतं. दीड वर्षाच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो का ते बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय करावे लागतात. रक्ताच्या तपासणीलाही तिकडे २०२५ मध्ये मान्यता मिळाली, पेटचा खर्च पुढे वाचेल. हिच्यासाठी सध्या गोळी आहे, दिनक्रम आहे, आणि चालणं आहे. चालण्याचाही फोटो निघालाय बरं का. १२० वृद्धांना एक वर्ष आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं चालायला लावलं, आणि समुद्रघोडा २ टक्क्यांनी वाढलेला दिसला. नुसते ताणाचे व्यायाम केले त्यांचा घटला. आम्ही दोघं रोज संध्याकाळी कंपाउंडला अकरा फेऱ्या मारतो ते त्यासाठी. रक्तदाब सांभाळा. आणि कानाची यंत्रं घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्यांनो, नावं घेऊ का? ऐकू कमी येणं हाही या आजाराचा एक मोठा धोका आहे असं २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने सांगितलंय. यंत्र कानात घाला.

आता सोसायटीला दोन विनंत्या. एक, आमच्या वॉचमनकाकांकडे मी हिचा फोटो आणि माझा नंबर दिला आहे, तिच्या संमतीने. आणखी कोणाला द्यायचा असेल तर सेक्रेटरी साहेबांकडे बंद पाकिटात द्या, ते कोणाला बोलणार नाहीत, मी त्यांना चांगला ओळखतो. दुसरी, रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने इमारतींचं रंगकाम निघालं आहे. चारही विंग आतापर्यंत एकाच क्रीम रंगाच्या होत्या, जिने सारखे, दारं सारखी. मी लेखी अर्ज दिला आहे की प्रत्येक विंगच्या जिन्याला वेगळा, ठळक रंग द्यावा आणि विंगचं अक्षर हातभर उंचीचं काढावं. खर्च वाढणार नाही, मी ठेकेदाराला विचारून आलोय.

सी विंगला पिवळा द्यावा, असं हिचं म्हणणं आहे. शाळेच्या भिंतीसारखा.